मठ नसलेला मठाधिपती : आचार्य नागदेव



ताथवड्याच्या या वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलण्याचे निमंत्रण आले, तेव्हा चालकांची काही तरी गल्लत झाली असावी असे मला प्रथम वाटले. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. मागणीपत्रे तयार करणे, वर्गणीच्या पावत्या फाडणे, गेटसभा घेणे आणि वेळ पडल्यास लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात दिवस काढणे, हा गेल्या पंचवीस वर्षांचा माझा उद्योग. परंतु मध्ययुगातील एखाद्या मठाधिपतीच्या जीवनावर बोला असे चालकांनी सांगितले आणि मी होकार दिला. कारण या विषयावरचे एक पुस्तक बरीच वर्षे माझ्या पिशवीत आहे.

आपल्या शेजारी चिंचवडास मोरया गोसावींची समाधी आहे. मी त्यांच्याविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल तर क्षमा असावी. गादी बापाकडून मुलाकडे जाते तेथे एक प्रश्न फारसा उद्भवत नाही, आणि मला आज बोलायचे आहे ते नेमके त्या प्रश्नाविषयी. ज्याच्या शब्दाखातर माणसे घरदार सोडून एकत्र आली, तो पुरुष एके दिवशी निघून गेला, तर मागे राहिलेल्यांनी काय करावे? संघटनेच्या कामात हा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. नेता गेला की पहिले सहा महिने त्याच्या तसबिरीला हार पडतात; पुढचे सहा महिने त्याच्या खुर्चीवरून भांडण चालते; आणि वर्षअखेर वर्गणी येईनाशी होते. तेराव्या शतकात महाराष्ट्रातील एका समुदायावर हाच प्रसंग आला होता, आणि तो समुदाय मोडला नाही. ज्याने तो सावरला त्याचे नाव नागदेव. महानुभाव पंथात त्यांना भटोबास म्हणतात. चक्रधरस्वामींच्या नंतरचे ते पहिले आचार्य होत.

त्यांची ओळख मला एका कामगार मित्राने करून दिली. तो अमरावती जिल्ह्यातला. येथे ताथवड्यात भाड्याची खोली घेऊन राहिलेला आणि घराण्याने महानुभाव. दुसऱ्या पाळीहून परतल्यावर तो एक जुने पुस्तक वाचीत बसे. ते पुस्तक म्हणजे 'स्मृतिस्थळ'. वा. ना. देशपांडे यांनी ते १९३९ साली संपादून छापले. नरेंद्र व परशराम यांनी या आठवणी प्रथम जमविल्या असे पंथात मानले जाते. यात नागदेवांच्या सुमारे अडीचशे आठवणी आहेत. कित्येक चारदोन ओळींच्याच. कोणी काय विचारले, नागदेव काय म्हणाले, कोण रुसले, कोण भिक्षेला जायला लाजले, असा सगळा मजकूर. शंकर गोपाळ तुळपुळे आणि अॅन फेल्डहाऊस या विदुषी यांनी १९९२ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ 'देवाच्या गैरहजेरीत' असा होतो. मला ते नाव फार समर्पक वाटते. हजेरीपत्रकाशी माझा संबंध आयुष्यभर आला आहे, पण गैरहजेरीवर एवढा विचार करणारा ग्रंथ मी दुसरा पाहिला नाही.

नागदेवांचा जन्म ब्राह्मण कुळात, इ. स. १२३६ च्या सुमारास झाला. तरुणपणी ते उनाड आणि दांडगट होते असे परंपरा सांगते, आणि ती ते लपवून ठेवीत नाही, हे मला विशेष वाटते. त्यांची आई आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महदाइसा या तिघीही चक्रधरांच्या शिष्या. चक्रधर मूळचे गुजरातचे. भडोचच्या प्रधानाचे पुत्र. महाराष्ट्रात येऊन ते पायी हिंडले, गावाबाहेरच्या देवळांत उतरले, आणि वेदाचा अधिकार ज्यांना नव्हता अशांशी मराठीत बोलले. स्त्रियांना त्यांनी संन्यास दिला. मासिक विटाळाविषयी एकीने शंका काढली तेव्हा, नाकातून शेंबूड येतो, अंगाला घाम येतो, तसाच हाही देहाचा धर्म आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. देवगिरीच्या राजधानीत त्याच काळात हेमाद्री पंडित 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रते, दाने आणि प्रायश्चित्ते यांचा अवाढव्य संस्कृत ग्रंथ सिद्ध करीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या उत्तराचे धाडस कळते.

इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्र सोडून गेले. ते उत्तरापंथे गेले अशी पंथाची श्रद्धा आहे. मागे राहिलेल्या शिष्यांना त्यांनी आपले गुरू गोविंदप्रभू यांच्या सन्निध राहण्यास सांगितले होते. म्हणून नागदेव आणि इतर मंडळी ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला आली.

गोविंदप्रभू हे विलक्षण पुरुष होते. गावचे लोक त्यांना वेडे समजत. लहान मुलासारखे हट्ट करावेत, कोणाच्याही घरात शिरावे, अस्पृश्यांच्या वस्तीत जाऊन तेथले अन्न खावे, असा त्यांचा क्रम. अस्पृश्यांनी पाण्यासाठी विनवले तेव्हा त्यांनी जागा दाखविली आणि तेथे खणताच पाणी लागले, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात आहे. याच रिद्धपुरात त्यांच्या लग्नाचा बेत झाला तेव्हा महदाइसेने धवळे गाइले, आणि त्यामुळे मराठीतील पहिली कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले. चौदा-एक वर्षे नागदेवांनी या गुरूंच्या गुरूंची सेवा केली. या काळात ते आचार्य नव्हते, कोणाचे पुढारी नव्हते, शिकत होते.

पण याच काळात एक काम झाले आणि पंथाचे पुढचे आयुष्य त्याने ठरविले. म्हाइंभट नावाचे एक विद्वान पंडित चक्रधरांशी वाद करावयास आले आणि शिष्य होऊन राहिले होते. नागदेव एकांती बसून काही तरी आठवीत असतात हे त्यांनी पाहिले. काय आठवता म्हणून विचारता, स्वामींच्या लीळा, असे उत्तर आले. तेव्हा या लीळा आता लिहून काढल्या पाहिजेत असे म्हाइंभटांच्या मनाने घेतले. त्यांनी नागदेवांना विचारले. मग ज्या ज्या माणसाला चक्रधर भेटले होते त्याला त्याला शोधीत ते गावोगाव गेले. स्त्रियांना विचारले, शेतकऱ्यांना विचारले. या खटाटोपातून रिद्धपूर येथे १२८० च्या आगेमागे 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. मराठीतील हा पहिला चरित्रग्रंथ. एकच प्रसंग दोघांना वेगळा आठवत असेल, तर दोन्ही पाठ नोंदवावेत आणि कोणाचा कोणता तेही लिहावे, ही रीत या पोथ्यांत दिसते. तिला 'वासना' असा शब्द आहे.

याचे मोल कळण्यासाठी थोडे युरोपात जाऊन येऊ. मठाधिपती म्हटला की तिकडे सेंट बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे एका जागी कायम वस्ती करणारा, भिंतींच्या आतला, शेतीवाडीचा मालक असलेल्या मठाचा प्रमुख डोळ्यांपुढे येतो. त्याच खंडात चक्रधरांच्या आधी थोडी वर्षे असिसी गावचा फ्रान्सिस होऊन गेला. तोही भिक्षेकरी, तोही अनवाणी, आणि १२२६ साली तो वारल्यावर त्याच्या बंधूंपुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्यापैकी एलिआस नावाच्या बंधूच्या देखरेखीखाली १२२८ पासून असिसीस एक भव्य मंदिर उभे राहू लागले. ज्याने दगडावर दगड ठेवू नका म्हणावे, त्याच्याच अस्थींवर! १२३९ साली एलिआसला प्रमुखपदावरून दूर करण्यात आले, पण दारिद्र्य कितपत पाळावे हा तंटा मिटला नाही. पुढे १२६६ साली पॅरिसच्या सभेत ठराव झाला, की फ्रान्सिसची पूर्वीची सगळी चरित्रे नष्ट करावीत आणि नव्याने लिहिलेले एकच मान्य चरित्र ठेवावे. संघटना एकजूट ठेवण्याचा तोही एक मार्ग आहे. आमच्याकडे सभेचे इतिवृत्त असेच लिहिणारे सरचिटणीस मी पाहिले आहेत. एक मत ठेवायचे, बाकीची गाळायची. त्या ठरावानंतर पुरती वीस वर्षे होण्याच्या आतच रिद्धपूरला ही माणसे सगळ्यांच्या आठवणी गोळा करीत होती.

१२८७ च्या सुमारास गोविंदप्रभूही गेले. समुदाय दुसऱ्यांदा पोरका झाला, आणि या वेळी पुढे कोणाकडे जावे असे कोणीच उरले नव्हते. खरे आचार्यपद येथून सुरू होते. रिद्धपूर सोडून नागदेव मंडळीसह गोदावरीच्या काठी आले. मठ बांधला नाही. जमीन घेतली नाही. अटन, विजन, भिक्षा, भोजन हा त्यांचा दिनक्रम होता. सतत हिंडावे, एकांतात स्मरण करावे, घर न निवडता दारोदार मागावे, जे येईल ते खावे. कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये, मराठी मुलखातच राहावे, अशी चक्रधरांची आज्ञा होती तीही पाळली. मग हा मठ होता तरी कशाचा? तर चार गोष्टींचा : चक्रधर जेथे बसले-उठले ती स्थाने, त्यांच्या हातच्या वस्तू म्हणजे प्रसाद, सोबतचे भिक्षू, आणि संसारात राहून अनुसरणारे वासनिक. देव डोळ्यांसमोर नसताना या चारांना जपावे, अशी ही व्यवस्था. चौदाव्या शतकात तर 'स्थानपोथी' तयार झाली. तिच्यात स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगास बसले याचा तपशील आहे. त्या जागांवर ओटे बांधले गेले. आजही विदर्भ-मराठवाड्यात असे ओटे आढळतात.

या फिरत्या मठात पंडितांचा भरणा बराच झाला. केसोबास, संगीतज्ञ दामोदर पंडित, भास्करभट्ट बोरीकर, एकाहून एक. केसोबासादी पंडितांनी एकदा नागदेवांना संस्कृतात प्रश्न घातला. तेव्हा नागदेव म्हणाले, की तुमचे हे संस्कृत मला ठाऊक नाही. स्वामींनी मला जे सांगितले ते मराठीत सांगितले, विचारायचे ते त्याच भाषेत विचारा. पुढे केसोबासांनी शास्त्र संस्कृतात आणावयास घेतले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. संस्कृतात आले म्हणजे पंडितांच्या सभेत मान मिळेल, हा सरळ हिशेब. नागदेवांनी त्यांना थांबविले. कारण दिले ते असे, की त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. नागवणे हे क्रियापद पाहा. ते वाटमारीचे क्रियापद आहे. म्हाताऱ्यांना समजणार नाही, एवढेच ते म्हणाले नाहीत. त्यांचे जे आहे ते लुबाडले जाईल, असे म्हणाले. केसोबासांनी मानले, आणि 'सूत्रपाठ' व 'दृष्टान्तपाठ' हे ग्रंथ मराठीत सिद्ध झाले.

हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. त्याचे कारण सांगितलेच पाहिजे, कारण त्यात माझी चूक आहे. आपल्या या पट्ट्यातील एका कारखान्यात, बरीच वर्षे झाली, आम्ही पगारवाढीचा करार केला. मसुदा मालकाच्या वकिलाने केलेला, बावीस पाने इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन दोन रात्री बसलो, गेटसभेत मराठीत अर्थ सांगितला, टाळ्या पडल्या, सह्या झाल्या. कामगार म्हणजे कोण याची व्याख्या शेवटच्या एका परिशिष्टात होती. तिच्यात कँटीनमधल्या आणि झाडलोट करणाऱ्या बायका बसत नव्हत्या. ते वाक्य लांबलचक होते आणि मला ते उलगडले नाही. चौदा बायकांची वाढ गेली. आम्ही पुढे भांडलो, पण कागदावर माझी सही होती. त्यांच्यातली एक वयस्कर बाई सातवी शिकलेली. ती मला एवढेच म्हणाली, "भाऊ, ते मराठीत असतं तर मीच वाचलं असतं." तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून मराठी प्रत हातात आल्याशिवाय मी करारावर सही केलेली नाही. ही बढाई नव्हे. नागदेवांनी जे आधी ओळखले ते मला चौदा बायकांचा पगार गेल्यावर ओळखता आले, एवढाच त्याचा अर्थ.

नागदेव काव्याचे शत्रू होते काय? मुळीच नाही. भास्करभट्टांनी 'शिशुपालवध' रचले, तेव्हा ग्रंथ उत्तम झाला पण तो संसारी रसिकांच्या कामाचा, निवृत्त माणसांच्या नव्हे, असा अभिप्राय मंडळीत पडला. भास्करभट्टांनी तो खिलाडूपणे घेतला आणि पुढे 'उद्धवगीता' लिहिली. नरेंद्र कवीची गोष्ट तर आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकली असेल. तो देवगिरीचा राजकवी. 'रुक्मिणीस्वयंवर' ऐकून रामदेवराव यादव इतका खूश झाला, की ते काव्य माझ्या नावावर कर, ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, असे म्हणाला. दर किती चढा होता पाहा. नरेंद्राने नकार दिला. कविकुळाला बट्टा लागेल, असे तो म्हणाला. त्याने दरबार सोडला आणि नागदेवांकडे येऊन भिक्षेची झोळी घेतली. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, या व्यवहाराला इतक्या लवकर आणि इतके स्पष्ट 'नाही' म्हटल्याचे उदाहरण आपल्या वाङ्मयात मला तरी दुसरे ठाऊक नाही.

सगळे गोडच सांगितले तर मी माझ्या धंद्याशी बेइमान होईन. पंथाच्या पहिल्या पिढीतली बहुतेक प्रसिद्ध नावे ब्राह्मण कुळांतली आहेत. गोविंदप्रभू ज्या वस्त्यांत जेवले त्या वस्त्यांतली माणसे ग्रंथकार म्हणून पुढे आलेली दिसत नाहीत. दुसरे असे, की नागदेवांचा अधिकार व्यक्तीचा होता. चौदाव्या शतकाच्या आरंभी ते गेले. त्यांच्यामागे बाइदेवबास आले. पुढे पंथात आम्नाय म्हणजे शाखा निघाल्या, आणि परंपरा त्या तेरा मोजते. आणखी अर्ध्या शतकात तर 'सकळ' नावाची सांकेतिक लिपी निघाली आणि ग्रंथ तिच्यात लिहिले जाऊ लागले. राजकीय धामधूम, विरोधकांची भीती, ग्रंथांचे पावित्र्य, अशी कारणे दिली जातात, आणि ती खोटी नसतील. पण परिणाम काय झाला? म्हाताऱ्यांसाठी ज्यांनी संस्कृत नाकारले, त्यांच्याच पंथात मराठी ग्रंथ कुलपात गेले. अक्षराला अक्षर बदलणारी ती किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी बाहेरच्या अभ्यासकांना मिळाली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्यात पुढाकार घेतला. तोपर्यंत मराठी गद्याचा हा सगळा खजिना पंथाबाहेर कोणाला माहीत नव्हता. १९२५ साली यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी 'महानुभावीय मराठी वाङ्मय' लिहिले तेव्हा त्याचा आवाका लोकांना कळला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा २०२३ साली झाला, म्हणजे कुलूप निघाल्यावर आणखी शतक गेले.

पंजाबचा उल्लेख राहू नये. महानुभाव महंत पुढच्या शतकांत तिकडे गेले, आणि तेथे या पंथाला जयकृष्णी म्हणू लागले. पंजाबी बोलणारी ही माणसे आपले धर्मग्रंथ मराठीतच अभ्यासतात. नागदेवांच्या एका नकारामुळे मराठी ही सतलजेच्या पलीकडे धर्मभाषा होऊन बसली.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगून थांबतो. चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेच्या फौजा दख्खनेत शिरल्या. त्या धाडीत 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी गेली असे परंपरा सांगते. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून जमविलेले सगळे एका तडाख्यात नाहीसे झाले. मग ज्यांना ते तोंडपाठ होते त्यांना बसवून ग्रंथ पुन्हा सांगून घेण्यात आला. त्यांत दामोदर पंडितांची पत्नी हिराइसा होती. नागदेवांच्या हाताखाली नवराबायको दोघेही भिक्षू झाली होती, आणि हिराइसेची स्मरणशक्ती दांडगी म्हणून प्रसिद्ध होती. नागदेवांच्या मागे राहिलेल्या मंडळींपुढे ती बसली आणि तिने लीळा म्हणावयास सुरुवात केली. ज्या मराठीत त्या घडल्या होत्या, त्याच मराठीत.